थव्यातला मासा कोणापासून वाचतो आणि कोणापासून नाही

पावसाळा ओसरून समुद्र निवळला की सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावर रापणकरांची, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्या मच्छीमारांची, नजर पाण्याच्या रंगावर असते. बांगड्याचा किंवा तारलीचा थवा जवळ आला की तेवढ्या भागातलं पाणी गडद दिसतं, वर बारीक शहारे उठतात आणि कुरव, सुरय हे पक्षी नेमके तिथेच घिरट्या घालू लागतात. थव्याच्या खालून आणि बाजूने सुरमई, कुपा, डॉल्फिन यांची ये-जा सुरू असते. सुटा एकच बांगडा असता तर किनाऱ्यावरून कुणाला दिसला नसता, पक्ष्याला तरी क्वचितच. हजारोंनी एकत्र आले म्हणून सगळ्या खाणाऱ्यांना एकदम पत्ता लागला.

मग हे मासे एकत्र राहतातच का? ज्याच्या मागे खाणारे लागलेत त्याने लपावं, पांगावं, एकटं राहावं, असं आपल्याला सहज वाटतं. पण निसर्गात उलटंच फार दिसतं. समुद्रात तारली, पेडवे, मांदेली, बांगडे. खाडीच्या चिखलावर चिखले आणि टिलवे हे पक्षी. हिवाळ्यात झाडांवर रात्रीच्या मुक्कामाला उतरणाऱ्या भोरड्या. आंब्याच्या बागांतून फिरणारी वानरं. सगळे घोळक्याने. यात आपल्याला एकजूट दिसते, आणि ती पाहून बरंही वाटतं. पण गेल्या साठेक वर्षांच्या अभ्यासाने वेगळंच चित्र समोर आणलं आहे. घोळक्यातला प्रत्येक जीव आपापला जीव वाचवत असतो आणि त्या खटाटोपात शेजारी जवळ असणं त्याच्या फायद्याचं ठरतं. मासा काही आकडेमोड करत नाही. ज्यांच्या वागण्यातून हा हिशोब जुळला ते जास्त जगले, त्यांची पिल्लं जास्त झाली आणि ते वागणं पुढे चालत आलं, एवढंच.

या हिशोबात एक अट मात्र दडलेली आहे. खाणारा एका वेळी एक घास घेणारा हवा. ती अट मोडली की थवा कवच राहत नाही. कोकणच्या मासेमारीतले आजचे कितीतरी वाद या एका अटीशी येऊन थांबतात, म्हणून हा विषय सविस्तर मांडावासा वाटला.

सापडणं आणि वाटून जाणं

समुद्र मोठा आहे आणि पाण्यातली नजर तोकडी. नद्यांचा गाळ आणि भरती-ओहोटीची घुसळण यामुळे आपल्या किनाऱ्याजवळ पाण्याखाली काही मीटरपलीकडचं धड दिसत नाही. हजार मासे हजार ठिकाणी पसरले तर फिरत्या सुरमईला सतत कुठे ना कुठे एखादा भेटत राहील. तेच हजार एका जागी गोळा झाले तर बाकीचा सगळा पसारा रिकामा. सुरमई त्या थव्याच्या अगदी जवळून गेली तरच तिला तो सापडणार. थवा हजारपट मोठा झाला म्हणून तो हजारपट लांबून दिसत नाही, कारण पाण्यातून प्रकाशच तितका लांब जात नाही. वरून, हवेतून पाहणाऱ्या पक्ष्याला आणि माणसाला मात्र हा नियम लागू पडत नाही.

समजा थवा सापडला. तरी सुरमईचं तोंड एक आणि पोटही एक. एका हल्ल्यात तिच्या वाट्याला एक मासा येणार. दहांच्या थव्यात तो मासा मीच असण्याची शक्यता दहात एक, हजारांच्या थव्यात हजारात एक. मोठ्या थव्यावर हल्ले थोडे जास्त होतीलही. पण थवा शंभरपट झाला म्हणून हल्ले शंभरपट झाले नाहीत, तर प्रत्येक माशाचा फायदाच आहे.

हे कागदावर पटतं, पण खरंच असं घडतं का, हे तपासणं अवघड होतं. घोळक्यात राहण्याचे फायदे एकात एक गुंतलेले असतात. जास्त डोळे असतात, गोंधळ जास्त होतो, मग जीव नक्की कशामुळे वाचला ते कसं ठरवायचं? डब्ल्यू. ए. फॉस्टर आणि जे. ई. ट्रेहर्न या दोघा ब्रिटिश संशोधकांना १९८१ मध्ये एक सुंदर वाट सापडली. पाण्याच्या पृष्ठभागावर लांब पायांनी सरसरत जाणारे किडे आपण विहिरीत, ओढ्यात पाहतो. त्यांचे काही नातेवाईक चक्क समुद्रावर राहतात. अरबी समुद्रातही ते आहेत. गॅलापागोस बेटांजवळ या सागरी किड्यांचे लहानमोठे घोळके आणि त्यांना खालून येऊन गिळणारे छोटे तारलीसारखे मासे या दोघांनी मोजले. मासा खालून येत असल्याने किड्याला तो दिसतच नाही. म्हणजे जास्त डोळे असून उपयोग नाही. त्यांना आढळलं ते असं: घोळका लहान असो की मोठा, त्यावर होणारे हल्ले साधारण तेवढेच, त्यामुळे एकेका किड्याच्या वाट्याला येणारा धोका घोळक्याच्या आकाराबरोबर घटत जातो. नुसता भागाकार, त्यात दुसरं काहीच नाही.

बेडकांचं तळं

या विषयातला मला सगळ्यात आवडणारा विचार विल्यम हॅमिल्टन या ब्रिटिश जीवशास्त्रज्ञाने १९७१ मध्ये मांडला. त्याने एक गोल तळं कल्पिलं. तळ्यात एक पाणसाप, काठावर सगळीकडे बेडूक. साप कुठून वर येईल ते कुणालाच माहीत नाही, पण एवढं नक्की की तो वर आला की सर्वांत जवळचा बेडूक पकडणार. आता एका बेडकाच्या जागी स्वतःला बसवून पाहा. उजवीकडच्या शेजाऱ्यापर्यंतचं अर्धं अंतर आणि डावीकडच्या शेजाऱ्यापर्यंतचं अर्धं अंतर, एवढा काठ तुमच्या धोक्याचा. साप त्या पट्ट्यात कुठेही निघाला तर तुम्ही गेलात. पट्टा लहान करायचा तर काय कराल? जवळ जवळ बसलेल्या दोन शेजाऱ्यांच्या मधल्या फटीत उडी माराल. तुमचा पट्टा आक्रसला. पण प्रत्येक बेडूक हाच विचार करतोय. त्यामुळे थोड्याच वेळात काठावर इकडेतिकडे बेडकांचे ढीग जमतात.

यातली खरी गंमत सहज निसटून जाते. ढीग जमल्याने एकूण मरणारे बेडूक कमी झाले का? अजिबात नाही. साप पूर्वीही एक खात होता, आताही एकच खातो. कळपाचा म्हणून काहीच फायदा झाला नाही. प्रत्येकाने आपलं मरण शेजाऱ्याच्या गळ्यात घालायचा प्रयत्न केला आणि त्यातून कळप तयार झाला. हॅमिल्टनने त्याला ‘स्वार्थी कळप’ म्हटलं.

खाडीच्या चिखलावर एक नांगी भलीमोठी असलेले फिडलर खेकडे तुम्ही पाहिले असतील. या खेकड्यांच्या एका अमेरिकन जातीवर २००२ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास याच प्रश्नाचा होता. धोका जाणवल्यावर त्यांच्या हालचाली तपासल्या, तेव्हा त्या अंदाजे धावपळीच्या नव्हत्या. शेजाऱ्याकडे सरकून आपला धोक्याचा पट्टा आक्रसण्याच्या होत्या. आपल्या खाड्यांमध्ये हिवाळ्यात दिसणाऱ्या लाल पायांच्या टिलव्यांवरही स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर बरंच काम झालं आहे. तिथे शिकऱ्याच्या कुळातला स्पॅरोहॉक त्यांची शिकार करतो. क्विन आणि क्रेसवेल यांनी २००६ मध्ये दाखवलं की हल्ला जास्त करून अशा टिलव्यावर होतो जो शेजाऱ्यांपासून अंतर राखून चरत असतो.

मग तो अंतर राखतोच कशाला? पोटासाठी. चिखलातले बारीक जीव पक्ष्याच्या पावलांनी सावध होऊन आत दडतात, शेजाऱ्याच्या अगदी लगत चरलं तर त्याने घाबरवलेल्या जागेवर चोच मारावी लागते. भुकेल्याला कडेला जावंच लागतं. माशांतही हेच दिसतं. उपाशी मासा थव्याच्या पुढच्या टोकाला जातो, तिथे अन्न आधी मिळतं आणि शिकाऱ्याचं तोंडही आधी भेटतं. पोट भरलेला मध्ये राहतो. थव्यातल्या जागा सारख्या नसतात, आणि कोण कुठे पोहतो यामागे त्या त्या वेळची भूक आणि भीती असते.

डोळे आणि कान

डोळ्यांचा फायदा समजायला सोपा आहे. चरताना मान खाली घालावी लागते आणि मान खाली असताना ससाणा दिसत नाही. एकटा पक्षी दर थोड्या वेळाने मान वर करतो, त्यात त्याचं खाणं बुडतं. पन्नास जण असतील तर कुणाची ना कुणाची मान वर असतेच. प्रत्येकाने थोडं कमी पाहिलं तरी सगळ्यांचं मिळून पाहणं वाढतं. रॉबर्ट केनवर्ड यांनी १९७८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात गोशॉक हा पाळीव, शिकवलेला शिकारी पक्षी जंगली कबुतरांवर सोडला होता. एकट्या कबुतरावरचे सुमारे ८० टक्के हल्ले यशस्वी झाले. थव्यात पन्नासपेक्षा जास्त कबुतरं असली की तेच प्रमाण १० टक्क्यांच्याही खाली आलं. मुख्य कारण असं की मोठ्या थव्याला गोशॉक बराच लांब असतानाच दिसत होता.

इथेही सगळं काही परोपकाराने होत नाही. बागेत पाला उलथत फिरणारे सातभाई असतील तर त्यांतला एखादा उंच फांदीवर बसून पाहत असल्यासारखा दिसतो. पहारेकरी कळपासाठी जीव धोक्यात घालतो, असं मानलं जायचं. आफ्रिकेतल्या मीरकॅट या मुंगसाच्या नातेवाइकाचा टिम क्लटन-ब्रॉक आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास पाहिला तर चित्र बदलतं. पहाऱ्यावर जास्त करून पोट भरलेला प्राणी बसतो, शिकारी आधी त्यालाच दिसतो आणि बिळात शिरायलाही तो मागे राहत नाही. पोट भरल्यावर करण्यासारखं सर्वांत सुरक्षित काम म्हणजे पहारा. त्याचा फायदा बाकीच्यांना होतो, ही पुढची गोष्ट.

सह्याद्रीच्या जंगलांत वेगवेगळ्या जातींचे पक्षी एकत्र थवा करून फिरतात. पानांतून किडे वेचणारे, खोडावर चढणारे, आणि बहुतेकदा त्यांच्यात एक लांब शेपटीचा भृंगराज. अशा मिश्र थव्यांचा श्रीलंकेच्या सिंहराजा जंगलात गुडेल आणि कोटगामा यांनी अभ्यास केला, तेव्हा धोक्याची सूचना देण्यात भृंगराज सर्वांत भरवशाचा निघाला. तो उडते किडे टिपतो, त्यामुळे त्याची नजर तशीही मोकळ्या हवेत असते. पानांत डोकं खुपसून बसलेल्यांना त्याचे डोळे फुकट मिळतात, आणि त्याला त्यांनी उडवलेले किडे.

पाण्यात ही बातमी आवाजाशिवाय पसरते. बहुतेक माशांच्या अंगावर डोक्यापासून शेपटीपर्यंत जाणारी एक बारीक रेषा असते. बांगडा साफ करताना नीट पाहिलं तर दिसेल. ती पार्श्वरेषा. तिच्यातल्या संवेदनशील पेशींना पाण्याची हालचाल आणि दाब कळतो. शेजारी वळला की त्याने ढकललेलं पाणी अंगाला लागतं. १९७६ मध्ये पिचर, पार्ट्रिज आणि वॉर्डल यांनी दाखवलं की सेथ नावाच्या माशाचे डोळे तात्पुरते झाकले तरी तो थव्यात आपली जागा धरून पोहू शकतो. त्यामुळे थव्याच्या एका टोकाला दचकलेल्या माशाची हालचाल दुसऱ्या टोकापर्यंत लाटेसारखी जाते, आणि ती लाट शिकाऱ्यापेक्षा वेगाने पुढे सरकते. दूरच्या माशाने सुरमई पाहिलेलीच नसते, तरी तो वळलेला असतो. भोरड्यांचा भाऊबंद असलेल्या युरोपातल्या स्टार्लिंग पक्ष्यांचे रोम शहरावर उडणारे प्रचंड थवे इटलीतल्या संशोधकांनी अनेक कॅमेऱ्यांनी टिपले. २००८ मध्ये त्यांनी मांडलं की प्रत्येक पक्षी सरासरी सहा-सात जवळच्या शेजाऱ्यांकडेच लक्ष देतो, मग ते शेजारी किती अंतरावर का असेनात. हजारोंचा थवा वळवायला कुणी म्होरक्या लागत नाही.

सगळे सारखे असण्याचा फायदा

कुणी तुमच्याकडे एक सुपारी फेकली तर तुम्ही झेलाल. मूठभर एकदम उधळल्या तर बहुधा एकही हातात येणार नाही. शिकाऱ्याचं तसंच होतं. त्याला एक निवडावा लागतो, त्याच्यावर नजर खिळवावी लागते, आणि मध्येच दुसरे तसेच दिसणारे चमकून गेले की नजर सुटते. नील आणि कलन यांनी १९७४ मध्ये माकूळ, त्याचा भाऊबंद सेपिया, आणि पाइक व पर्च हे मासे अशा चार शिकाऱ्यांसमोर लहान माशांचे कमी-जास्त संख्येचे थवे ठेवले. थवा वाढत गेला तसं चौघांचंही यश घसरलं.

याहून बोलका प्रयोग लँडो आणि टेरबर्ग यांचा, १९८६ मधला. त्यांच्याकडे बास जातीचे शिकारी मासे होते आणि चंदेरी छोटे मासे. एकटा चंदेरी मासा बास झटकन पकडत होता. आठ मासे एकत्र असले की त्याला एकही मिळेना. मग आठांतल्या एका-दोघांना निळा रंग दिला. बासला लगेच शिकार साधू लागली. त्यात निळे गेलेच, पण साधे चंदेरीही गेले, कारण नजर खिळवायला एक खूण मिळाल्याने थव्याचा गोंधळच ओसरला.

एका रापणीत सापडलेल्या तारल्या एकमेकींच्या मापाच्या का असतात, याचं उत्तर बऱ्याच अंशी इथे आहे. वेगळा दिसणारा स्वतःही मरतो आणि शेजाऱ्यालाही घालवतो, म्हणून मासे आपल्या जातीच्या, आपल्या आकाराच्या सोबत्यांकडे सरकतात. वेगळ्या मापाचे मासे सारख्या वेगाने पोहत नाहीत, हेही एक कारण.

उलटून हल्ला

काही घोळके पळत नाहीत, अंगावर जातात. घारीच्या मागे लागलेले कावळे आपण रोज पाहतो. कोकण किनाऱ्यावर हिवाळ्यात येणाऱ्या काळ्या डोक्याच्या कुरवाच्या वसाहतींवर हान्स क्रूक यांनी इंग्लंडमध्ये केलेलं काम १९६४ मध्ये प्रसिद्ध झालं. त्यांनी कोंबडीची अंडी वसाहतीच्या बाहेरपासून आतपर्यंत ओळीने ठेवली. वसाहतीच्या आत ठेवलेली अंडी कावळ्यांच्या हाती कमी लागली, कारण तिथे एकाच वेळी अनेक कुरव त्यांच्यावर तुटून पडत. वेंगुर्ल्यासमोरच्या खडकाळ बेटांवर, म्हणजे वेंगुर्ला रॉक्सवर, सुरय दाटीने घरटी करतात, त्यामागेही वसाहतीचा हाच फायदा असावा. पण त्याच इंग्लंडमधल्या वसाहतीत काळोख्या रात्री कोल्हा शिरला की कुरव नुसते बसून राहत आणि तो एका रात्रीत खाण्यापेक्षा कितीतरी जास्त पक्षी मारून जाई. दिवसा येणाऱ्या कावळ्यासाठी घडलेली युक्ती अंधारातल्या कोल्ह्यापुढे निकामी ठरली.

वेळासचं कासव आणि ओडिशाचं कासव

ऑलिव्ह रिडले हे एकच कासव, पण भारताच्या दोन किनाऱ्यांवर दोन तऱ्हांनी अंडी घालतं. ओडिशात गहिरमाथा आणि ऋषिकुल्या इथे काही रात्रींत लाखाने माद्या वाळूवर येतात. आपल्याकडे वेळास, आंजर्ले, गावखडी, तांबळडेग अशा किनाऱ्यांवर आज एक, परवा दुसरी, अशा सुट्या येतात.

ओडिशातल्या गर्दीमागचा हिशोब पोटाचाच आहे. त्या किनाऱ्यावर जेवढे कोल्हे, कुत्रे, पक्षी आहेत त्यांचं पोट काही रात्रींत किती भरणार? लाखो घरट्यांतली काही गेली तरी बाकीची उरतात. हीच घरटी चार महिने थोडी थोडी पडली असती तर त्याच कोल्ह्यांना रोज ताजं जेवण मिळालं असतं. कोस्टा रिकामधल्या नान्सिते किनाऱ्यावर दोन्ही प्रकारची घरटी शेजारी शेजारी तपासली गेली, तेव्हा एकट्या मादीच्या घरट्यांची लूट जास्त झाल्याचं आढळलं. गर्दीची किंमतही आहे. उशिरा आलेल्या माद्या आधीच्यांची अंडी उकरून फोडतात आणि फुटलेल्या अंड्यांमुळे वाळू नासते.

आपल्या कासवांना गर्दीचं हे संरक्षण नाही. म्हणून इथे माणसाची गरज पडली. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ मध्ये वेळासला काम सुरू केलं. गावातले कासवमित्र पहाटे किनारा फिरतात, शंभराच्या आसपास अंडी असलेलं घरटं हलक्या हाताने काढून कुंपण घातलेल्या जागेत पुरतात आणि साधारण ४५ ते ६० दिवसांनी निघालेली पिल्लं समुद्राकडे सोडतात. पिल्लांना मात्र एकत्र राहण्याची उपजत खोड आहे. एका घरट्यातली पिल्लं वाळू मिळून उकरतात आणि एकदमच वर येतात. एकेकटी निघाली असती तर वाटेतल्या खेकड्यांना आणि कावळ्यांना प्रत्येकीसाठी सवड मिळाली असती.

मोठं तोंड

इथपर्यंतच्या प्रत्येक उदाहरणात खाणारा एकेक घास घेत होता. डॉल्फिन त्यातून वाट काढतात. ते टोळीने येऊन थव्याला वेढतात, त्याचा घट्ट गोळा करतात आणि आळीपाळीने कडा तोडतात. तरी शेवटी एका तोंडात एखाद-दुसरा मासाच जातो. सिंधुदुर्गच्या पाण्यात दिसलेला ब्राइड्स देवमासा हा वेगळा प्रकार. तो जबडा उघडून थव्याचा मोठा हिस्सा एकदम आत घेतो. त्याच्यापुढे दाटीवाटीने पोहणं हे संरक्षण उरत नाही, उलट थवा दाट असेल तरच त्याचा तो प्रचंड घास परवडतो. पण असे देवमासे थोडे, आणि त्यांचा फेरा विरळ. लाखो वर्षांत माशांना रोज गाठणारा शत्रू सुरमई होता, देवमासा नव्हे.

जाळं म्हणजे त्याहूनही मोठं तोंड. रापणीत होडी जाळं सोडत थव्याला वळसा घालून किनाऱ्याला येते आणि दोन्ही बाजूंनी माणसं दोर ओढू लागतात. आतल्या माशाला जाळ्याची भिंत जाणवते. शेजारी ज्या बाजूला वळतो त्या बाजूला तो वळतो, अंतर घटवतो, मध्ये शिरतो. वर सांगितलेला प्रत्येक नियम तो तंतोतंत पाळत असतो. सुरमईपुढे याच वागण्याने त्याचा जीव वाचला असता. जाळं लहान होत जातं तसा तो आणखी घट्ट होतो, म्हणजे नेमकं तेच करतो जे ओढणाऱ्याला हवं आहे.

थव्यातून फुटणारे मासे जगतील आणि हळूहळू थवा करण्याची सवयच जाईल, असं काहींना वाटेल. त्रिनिदादच्या ओढ्यांतल्या गप्पी माशांवरून एवढं दिसतं की ही सवय बदलू शकते. जिथे शिकारी मासे जास्त तिथले गप्पी घट्ट थवे करतात, जिथे कमी तिथले सैल राहतात. पण आपल्या समुद्रात जाळ्यातून सुटलेल्या एकट्या तारलीची वाट सुरमई पाहतेच आहे. दोन शत्रूंच्या दोन उलट्या मागण्या. सुरमईपुढे घट्ट व्हायचं, जाळ्यापुढे पांगायचं. दोन्ही एकदम जमणारं नाही.

रापण पिढ्यानपिढ्या चालली तरी समुद्र रिकामा झाला नाही, याचं मला पटणारं कारण असं: रापण शोधायला जात नाही. थवा किनाऱ्याच्या टप्प्यात आला तरच ती पडते. खोल पाण्यातले थवे तिच्या हिशोबात नसतात. पर्ससीन नौका थव्याच्या मागे जाते, पाण्याखालचा थवा यंत्राच्या पडद्यावर पाहते, त्याला वेढते आणि जाळ्याचा तळ बटव्यासारखा आवळून घेते. पाण्यातली नजर तोकडी म्हणून थव्याला जो आडोसा मिळत होता तो यंत्राने काढून घेतला. एलईडी दिव्यांनी त्याच्याही पुढे मजल मारली, कारण तिथे थवा शोधावाही लागत नाही, प्रकाशाकडे तो स्वतः गोळा होतो. महाराष्ट्र शासनाने २०१६ मध्ये पर्ससीन मासेमारी सप्टेंबर ते डिसेंबर या महिन्यांपुरती मर्यादित केली आणि केंद्राने २०१७ मध्ये एलईडीच्या मासेमारीवर बंदी घातली. पारंपरिक मच्छीमारांचा यासाठीचा आग्रह केवळ पोटापाण्याचा वाद म्हणून पाहिला जातो, तेव्हा वाईट वाटतं. त्यामागे माशाच्या स्वभावाची जी जाण आहे ती शास्त्राशी जुळते.

यातली सर्वांत फसवी गोष्ट आकड्यांत लपलेली आहे. मासे कमी झाले तरी उरलेले एकटे राहत नाहीत. ते पुन्हा एकत्र येतात आणि थव्यांची संख्या कमी होते, पण एकेका थव्याचा आकार बराचसा टिकून राहतो. त्यामुळे ज्या नौकेला थवा सापडला तिचं जाळं पूर्वीसारखंच भरतं आणि दर फेरीच्या नोंदीत काहीच बिघडलेलं दिसत नाही. कॅनडात न्यूफाउंडलँडच्या कॉड माशाचं असंच झालं. साठा ढासळत असताना उरलेला कॉड लहान जागेत दाटत गेला आणि दर प्रयत्नामागची पकड चांगलीच राहिली. १९९२ मध्ये तिथल्या सरकारला ती मासेमारी बंद करावी लागली आणि हजारो कुटुंबांचं काम गेलं.

म्हणून किती टन मासळी उतरली एवढी एकच नोंद पुरत नाही. एक थवा सापडायला नौकेला किती तास फिरावं लागलं, किती फेऱ्या कोऱ्या गेल्या, हे लिहिलं गेलं तर घट वेळेत कळेल. आणि इथे रापणीची वही मोलाची ठरू शकते. रापणीत वाटणीसाठी हिशोब ठेवावाच लागतो, जागा ठरलेली असते, यंत्राने पाठलाग नसतो. त्यामुळे किनाऱ्याला किती थवे लागले याचा तो जवळपास सरळ मोजमाप आहे. त्या वहीत मिळालेल्या ओढीबरोबर रिकामी गेलेली ओढही तारखेनिशी लिहिली जावी, आणि मत्स्यव्यवसाय खात्याने ती मागून घ्यावी.